मुंबईत उतरायचे कुठे?

मराठीत आपण परगावी गेलो की कोणाकडे तरी 'उतरतो'. गाडीतून खाली पाय ठेवणे आणि एखाद्या घरी मुक्कामाला थांबणे, या दोन्ही क्रियांना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिले आहे. गाडीतून उतरले की मुक्कामाचे घर हाकेच्या अंतरावर असणार, असे त्यामागचे गृहीत असावे. लहान गावाच्या बाबतीत ते खरेही आहे. मुंबईच्या बाबतीत मात्र या दोन उतरण्यांमध्ये कधी कधी दोन तासांचे अंतर पडते, आणि त्या दोन तासांत परीक्षेची वेळ, मुलाखतीचा धीर आणि खिशातील पैसे यांपैकी काहीतरी हमखास खर्ची पडते.

आपल्या महाविद्यालयातून मुंबईला जाणाऱ्यांची संख्या थोडी नाही. कोणी स्पर्धा परीक्षेला जाते, कोणी विद्यापीठातील प्रवेशाच्या मुलाखतीला, कोणी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात संदर्भ शोधायला, कोणी चित्रांचे प्रदर्शन किंवा नाटक पाहायला, तर कोणाला घरातील रुग्णाबरोबर टाटा रुग्णालयात जावे लागते. आणि दर वर्षी एक वाक्य कानावर येते : "जायचे होते, पण राहायची सोय नव्हती." हे वाक्य मुलींच्या तोंडून अधिक ऐकू येते. गुण पुरेसे असतात, बोलावणे आलेले असते, गाडीभाडेही जमलेले असते. अडते ते एका रात्रीच्या छपरापाशी. म्हणून हा विषय सहलीच्या हौसेचा नाही. शहरात कुठे उतरायचे हे ज्याला ठरवता येते, त्यालाच त्या शहराची दारे खऱ्या अर्थाने उघडी असतात, असे मला वाटते. ते कसे ठरवावे याविषयी मला स्वतःला आणि माझ्या मित्रमैत्रिणींना जे उमगले, ते येथे क्रमवार मांडत आहे.

आधी काम, मग वस्ती, मग खोली

बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. मोबाइलवर स्वस्त खोली शोधतात, ती ज्या वस्तीत असेल तेथे जातात आणि मग कामाच्या ठिकाणी कसे पोचायचे याची चौकशी सुरू करतात. माझे म्हणणे असे की, कागदावर सर्वप्रथम दोनच गोष्टी लिहाव्यात : कामाचे नेमके ठिकाण आणि तेथे पोचण्याची वेळ. 'मुंबई' हे ठिकाण नव्हे. चर्चगेटपासून विरारपर्यंतची पश्चिम रेल्वे सुमारे ६० किलोमीटर लांब आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण ५४ किलोमीटरवर आहे. परीक्षेच्या प्रवेशपत्रावर 'मुंबई' हे केंद्र असले, तरी प्रत्यक्ष इमारत पवईला, मीरा रोडला किंवा ऐरोलीला असू शकते.

हे शहर गोल नाही, लांबट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हापासून ते रुळांच्या कडेने उत्तरेकडे वाढत गेले. त्यामुळे येथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. आपण कोणत्या रेल्वेमार्गावर आहोत हे पाहावे लागते. तीन मार्ग ध्यानात ठेवले की पुरे. पश्चिम मार्ग चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवलीवरून विरारकडे जातो. मध्य मार्ग शिवाजी महाराज टर्मिनसहून दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे करीत कल्याणकडे जातो. हार्बर मार्ग त्याच टर्मिनसहून निघून कुर्ला, चेंबूर, गोवंडी, वाशीवरून पनवेलला जातो. त्याचीच एक शाखा अंधेरीवरून गोरेगावपर्यंत गेली आहे. काम ज्या मार्गावर असेल, त्याच मार्गावर मुक्काम असावा, हा पहिला नियम. नकाशात जवळ दिसणारी पण दुसऱ्या मार्गावरची वस्ती प्रत्यक्षात दूर पडते, कारण मार्ग बदलण्यासाठी जिना चढणे, पूल ओलांडणे आणि पुन्हा गर्दीत शिरणे आले.

या हिशेबात अलीकडे एक भर पडली आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली आणि पश्चिम व मध्य हे दोन मार्ग आडवे जोडले गेले. नंतर कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाली. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानके आहेत. काळबादेवी, गिरगाव, वरळी यांसारख्या लोकलच्या स्थानकापासून बाजूला पडलेल्या वस्त्या आता मुक्कामाच्या दृष्टीने सोयीच्या झाल्या आहेत. जुन्या माहितीवर विसंबणाऱ्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेताना एवढी दुरुस्ती मनात करून घ्यावी.

दुसरा नियम गर्दीच्या दिशेचा. सकाळी आठ ते अकरा या वेळेत लोकलचा मोठा लोंढा दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि टर्मिनसकडे वाहतो आणि संध्याकाळी तोच उत्तरेकडे परततो. मुक्काम कामाच्या दक्षिणेला असेल, तर आपण लोंढ्याच्या उलट दिशेने जातो आणि पुष्कळदा बसायलाही जागा मिळते. मुक्काम उत्तरेला असेल, तर मुलाखतीची फाईल छातीशी धरून दाराजवळ चेंगरत जावे लागते. गोवंडीच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सकाळी मुलाखत असेल आणि चेंबूरला सोय होत नसेल, तर पनवेलपेक्षा टर्मिनसच्या बाजूने येणे सोपे पडते, ते यामुळेच. वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरी येथील कचेऱ्यांमुळे आता उत्तरेकडेही सकाळची गर्दी होते, पण चर्चगेटकडे जाणाऱ्या गर्दीशी तिची तुलना नको.

तिसरी गोष्ट रविवारची. परीक्षा पुष्कळदा रविवारी असतात आणि रुळांच्या दुरुस्तीसाठी रेल्वेचे मेगाब्लॉकही रविवारीच असतात. त्या दिवशी काही स्थानकांवर गाडी थांबत नाही, काही मार्गांवर धावतच नाही. ब्लॉकची सूचना आधी प्रसिद्ध होते. ती शनिवारी न चुकता वाचावी. रविवारच्या परीक्षेसाठी केंद्रापासून चालत किंवा एका रिक्षेच्या टप्प्यात असलेली खोली चार पैसे जास्त देऊनही स्वस्तच म्हणावी लागेल. पावसाळ्यातही हेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो माणसे जिथल्या तिथे अडकली. तसा पाऊस रोज पडत नाही. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये रुळांवर पाणी येऊन लोकल थांबणे मुंबईला नवीन नाही.

कोणत्या कामाला कोणती वस्ती

फोर्ट आणि टर्मिनसचा परिसर : एशियाटिकचे ग्रंथालय ज्या टाऊन हॉलमध्ये आहे ती १८३३ साली पूर्ण झालेली वास्तू, विद्यापीठाची जुनी इमारत आणि राजाबाई टॉवर, १८५७ साली स्थापन झालेले जे. जे. कला महाविद्यालय, जहांगीर कलादालन, वस्तुसंग्रहालय, हे सारे येथे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. कला आणि इतिहास यांच्या विद्यार्थ्याने दोन-तीन दिवसांसाठी याच भागात राहावे. खोल्या लहान, जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आणि कधी कधी लाकडी फळ्यांचे आडोसे घालून पाडलेल्या असतात. भाडेही उत्तरेपेक्षा चढे. पण लोकलचा प्रवास वाचतो. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. हा कचेऱ्यांचा भाग असल्याने रात्री आठनंतर काही गल्ल्या ओस पडतात. टर्मिनसच्या आसपास रात्रभर जाग असते. तेव्हा खोली मुख्य रस्त्याला लागून घ्यावी.

दादर : पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग जेथे भेटतात ते हे स्थानक. दोन दिवसांत दोन दिशांना कामे असतील, तर दादरसारखी जागा नाही. कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ यांकडून टर्मिनसला जाणाऱ्या अनेक गाड्या येथे थांबतात. सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस तर येथेच संपते. शिवाजी मंदिर येथेच, यशवंत नाट्यमंदिर माटुंग्याला, रवींद्र नाट्यमंदिर प्रभादेवीला. म्हणजे रात्रीचे नाटक संपल्यावर मुक्कामाला परतणे सोपे. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभागही दादर पूर्वेलाच आहे. गणेशोत्सवात आणि ६ डिसेंबरच्या सुमारास, जेव्हा चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, तेव्हा येथे आयत्या वेळी खोली मिळेल ही आशा ठेवू नये.

परळ : ही वस्ती निवडावी लागते, आवडीने निवडली जात नाही. टाटा आणि के.ई.एम. ही रुग्णालये येथे आहेत. रुग्णाबरोबर जाणाऱ्यांनी लॉजकडे वळण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात धर्मशाळांची चौकशी करावी. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देत आली आहे. स्वतः उघड्यावर राहिलेल्या त्या माणसाने दुसऱ्यांच्या मुक्कामाची किती काळजी वाहिली, हे तेथे गेल्यावर कळते.

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर : जुन्या धर्मशाळा आणि लॉज यांचा हा भाग. जेवणाची सोय उत्तम. काही धर्मशाळा विशिष्ट समाजासाठी असतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

सांताक्रूझ, कुर्ला, अंधेरी : विद्यापीठाचे कालिना संकुल सांताक्रूझ आणि कुर्ला या दोन स्थानकांच्या मध्ये आहे. तेथे काम असेल तर फोर्टात राहून विद्यापीठाची जुनी इमारत पाहण्यात अर्थ नाही. जुहूच्या पृथ्वी थिएटरला नाटक पाहायचे असेल तर विलेपार्ले-अंधेरी बरे. लोकमान्य टिळक टर्मिनसला रात्री उशिरा किंवा पहाटे गाडी असेल, तरच त्या स्थानकाजवळची खोली घ्यावी.

वाशी, ठाणे, कल्याण : भाडे कमी आणि खोली मोठी. काम त्याच बाजूला असेल तर उत्तम. दक्षिण मुंबईत असेल तर ही बचत फसवी ठरू शकते. ती कशी, हे पुढे आकड्यांनीच पाहू.

येथे 'चांगली वस्ती' या शब्दाविषयी थोडे बोलते. घरची मंडळी आपल्याला 'चांगल्या वस्तीत' उतरायला सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात शांत, झाडांच्या, बंगल्यांच्या वस्तीचे चित्र असते. अनोळखी शहरात एकट्या माणसाला, विशेषतः मुलीला, त्या शांततेचा उपयोग होत नाही. रात्री दहाला औषधांचे दुकान उघडे असलेला, भाजीवाल्यांनी आणि बसची वाट पाहणाऱ्या बायकांनी गजबजलेला रस्ता अधिक भरवशाचा. मी वस्तीविषयी एकच प्रश्न विचारते : रात्री साडेनऊला या रस्त्यावरून बायका चालत घरी जातात का? उत्तर हो असेल तर ती वस्ती चांगली.

नातेवाइकांचे घर

पूर्वी हा प्रश्न लॉजपर्यंत येतच नसे. कोकणातला, साताऱ्याचा किंवा कोल्हापूरचा माणूस मुंबईत आला की गावकऱ्यांच्या खोलीवर उतरे. गिरणगावातील त्या खोल्यांत पाळीपाळीने माणसे झोपत आणि खानावळीत जेवत. गोव्याच्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे 'कूड' उभारले होते. बोटीवरच्या नोकरीसाठी आलेला तरुण आपल्या गावाच्या कुडात अंग टाकी. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि मराठी कुटुंबे परळ-लालबागहून डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. त्यामुळे "मुंबईत आपले नातेवाईक आहेत" या वाक्याचा अर्थ आज बराच बदलला आहे. ते घर कामाच्या ठिकाणापासून साठ-सत्तर किलोमीटरवर असू शकते.

नातेवाइकांकडे राहण्यात जिव्हाळा आहे, सुरक्षितता आहे, आणि पैसेही वाचतात. पण ते फुकट असते असे समजू नये. दोन खोल्यांच्या घरात पाहुण्यासाठी कोणीतरी स्वयंपाकघरात झोपते. घरातील बाई पहाटे पाचला उठून आपल्यासाठी डबा करते आणि मग स्वतः नोकरीला धावते. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला कोपरा मिळेलच असे नाही, आणि 'आल्यासारखी चार ठिकाणी जाऊन ये' या आग्रहाला नाही म्हणता येत नाही. म्हणून माझे मत असे : काम एका दिवसाचे असून नातेवाइकांचे घर त्याच मार्गावर असेल, तर तेथेच उतरावे. काम सलग तीन-चार दिवसांचे असेल, तर खोली घ्यावी आणि एक संध्याकाळ राखून त्यांना भेटून यावे. प्रेमही टिकते आणि कामही होते.

खोली घेताना विचारायचे प्रश्न

आपल्याकडे 'हॉटेल' म्हणजे चहा-भजी मिळण्याची जागा आणि राहण्याची जागा म्हणजे 'लॉज'. आता मोबाइलवर सगळेच 'हॉटेल' झाले आहे, आणि छायाचित्रात प्रत्येक खोली प्रशस्त दिसते. छायाचित्र पाहून पैसे भरण्यापूर्वी लॉजवर सरळ फोन करावा आणि पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली, चोवीस तासांचा हिशेब की दुपारी बाराचा? आपल्याकडच्या रात्रीच्या गाड्या मुंबईला पहाटे किंवा सकाळी पोचतात. दुपारी बाराला दिवस बदलणाऱ्या लॉजमध्ये सकाळी सहाला खोली मागितली, तर आदल्या दिवसाचेही भाडे द्यावे लागते किंवा बारापर्यंत बाकड्यावर बसावे लागते. चोवीस तासांचा हिशेब असेल तर सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत एकच दिवस धरला जातो.

दुसरी, पूर्व की पश्चिम? मुंबईत पत्ता रुळांच्या बाजूवरून ओळखला जातो. दादर पूर्व आणि दादर पश्चिम यांच्यामध्ये पूल, जिने आणि माणसांचा समुद्र आहे. 'स्थानकापासून पाच मिनिटे' याचा अर्थ कोणत्या बाजूच्या स्थानकापासून, हे विचारलेच पाहिजे.

तिसरी, भाडे खोलीचे की माणशी, आणि कर धरून की वेगळा? वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतील लॉजला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २०२५च्या सप्टेंबरपासून ५ टक्के कर लागू आहे. तिसऱ्या माणसासाठी गादीचे वेगळे पैसे घेतात, तेही विचारावे.

चौथी, खिडकी आहे का, पाणी किती वाजता येते, न्हाणीघर खोलीत आहे की सामाईक, आणि रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो? नाटक पाहून परतणाऱ्याला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

पाचवी, ओळखपत्र कोणते चालते? मूळ ओळखपत्र जवळ असावे आणि छायाप्रत दिल्यास तिच्यावर कारण व तारीख लिहावी.

केवळ काही तास आंघोळ आणि विश्रांती हवी असेल, तर लॉजचीही गरज नाही. मोठ्या स्थानकांवर रेल्वेच्या विश्रांती कक्षांत आणि सामाईक शयनगृहांत तिकिटाच्या पी.एन.आर. क्रमांकावर जागा राखून ठेवता येते. मुंबई सेंट्रलला २०२१च्या नोव्हेंबरमध्ये एकेका माणसापुरत्या लहान कप्प्यांचे 'पॉड हॉटेल' सुरू झाले. मुलींसाठी मादाम कामा रस्त्यावरचे वाय.डब्ल्यू.सी.ए.चे अतिथिगृह हा एक जुना पर्याय आहे. विद्यापीठांच्या वसतिगृहांतही आपल्या विभागप्रमुखांचे पत्र दिल्यास क्वचित सोय होते. ते पत्र वेळेवर मागावे, एवढेच.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

समजा, दोन मैत्रिणींना एशियाटिकमध्ये तीन दिवस वाचन करायचे आहे. कल्याणला खोली ९०० रुपयांना आणि फोर्टात १,६०० रुपयांना मिळते आहे. फरक रोज ७०० रुपये, तीन रात्रींचा २,१०० रुपये, माणशी १,०५०. आता दुसरी बाजू. कल्याणहून टर्मिनसपर्यंत जलद लोकलने तास-सव्वा तास, दोन्ही टोकांचे चालणे आणि गाडीची वाट पाहणे धरून जाण्यायेण्याचे तीन तास. तीन दिवसांचे नऊ तास. म्हणजे फोर्टातली खोली घेणारी मुलगी तासाला सुमारे ११७ रुपये देऊन नऊ तास विकत घेते. ग्रंथालय संध्याकाळी बंद होते. सकाळी वेळेवर पोचणारीला अधिक पाने वाचता येतात आणि रात्री टिपणे पक्की करता येतात.

हा सौदा परवडतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्याच्या घरी १,०५० रुपये म्हणजे चार दिवसांची मजुरी आहे, त्याला नऊ तासांचा प्रवास परवडतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु हिशेब मांडून कल्याण निवडणे वेगळे आणि फक्त ९०० हा आकडा पाहून निवडणे वेगळे. पहिल्यात निवड आहे. दुसऱ्यात निवडीचा भास आहे.

खोली कोणाला मिळते?

आतापर्यंतचे सगळे विवेचन एका गृहीतावर उभे आहे : पैसे दिले की खोली मिळते. ते गृहीत सर्वांच्या बाबतीत खरे नाही. गेल्या वर्षी एका मुलाखतीसाठी मी मुंबईतील एका लॉजवर फोन केला. खोली आहे, भाडे अमुक, सकाळी या, असे सगळे ठरले. "बरोबर कोण?" या प्रश्नाला मी "एकटीच" म्हणाले आणि खोली तत्काळ भरलेली निघाली. माझ्या वर्गातील एका मित्राला नाव सांगताच असाच अनुभव आला. त्याचे आडनाव शेख आहे. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लॉजवर तेच उत्तर ऐकले.

ही गोष्ट नवी नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना त्या शहरात उतरायला जागा मिळेना. पारशी सराईत ते पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. सामान बाहेर काढून ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. विद्येची कमतरता नव्हती, नोकरी हातात होती. त्यांना परत पाठवले ते एका खोलीने. त्याच काळात लोकमान्य टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले. एकाला मुक्कामाचे ठरलेले ठिकाण आणि दुसऱ्याला बागेतील झाडाखालची जागा. दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासातल्या आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

म्हणूनच राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून हॉटेलांत प्रवेश नाकारू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या पंक्तीत हॉटेलचा उल्लेख आहे, कारण घटना लिहिणाऱ्यांना त्या दाराची किंमत ठाऊक होती. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे. फोनवरच्या "खोली भरली" या दोन शब्दांपुढे कायदा कसा सिद्ध करायचा, हा प्रश्न राहतोच. पण हक्क आपला आहे, मेहेरबानी त्यांची नव्हे, हे माहीत असले की दुसऱ्या लॉजला फोन करताना आवाज कापत नाही.

व्यवहारात मी पुढील गोष्टी करते. फोनवरच नाव आणि 'एकटी येणार' हे आधी सांगते, म्हणजे नकार यायचाच असेल तर तो घरी बसल्या येतो, रात्री फलाटावर येत नाही. बोलणाऱ्याचे नाव विचारून लिहून ठेवते. आरक्षणाचा संदेश मोबाइलवर मागून घेते. एका ठिकाणी पैसे भरले असले, तरी त्याच वस्तीतील दुसऱ्या ठिकाणाचा पत्ता जवळ ठेवते. आणि ज्या लॉजने नीट वागवले, त्याचे नाव महाविद्यालयाच्या मुलींच्या कक्षातील वहीत लिहिते.

त्या वहीविषयी सांगून लेख पुरा करते. गेल्या वर्षापासून आम्ही काही जणी मुंबईहून परतल्यावर एका दोनशे पानी वहीत पानभर मजकूर लिहू लागलो आहोत : काम कोठे होते, मुक्काम कोठे केला, भाडे किती, चोवीस तासांचा हिशेब की बाराचा, रस्त्यावर रात्री जाग होती का, एकट्या मुलीला खोली देताना त्यांनी काय विचारले. ज्यांच्याकडे गावकऱ्यांची खोली नाही, कूड नाही, मुंबईत काका-मामा नाही, त्यांच्यासाठी ही वही हीच ओळख. सध्या तिची एकवीस पाने भरली आहेत. मुलांनीही अशी वही सुरू करावी, आणि प्राध्यापकांनी आपल्या शोधनिबंधांच्या फेऱ्यांत गोळा झालेले पत्ते तिच्यात उतरवावेत, अशी माझी विनंती आहे. पुढच्या जूनमध्ये मुलाखतीचे पत्र हातात पडल्यावर कोणाला "राहायची सोय नाही" म्हणावे लागू नये, इतके काम त्या वहीने केले तरी पुष्कळ झाले.